सोयरिकीचा तक्ता आणि बी.ए.चं समाजशास्त्र

२०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या चहाच्या टपऱ्यांवर एक शब्द रुळला, ‘इम्पिरिकल डेटा’, म्हणजे प्रत्यक्ष पाहणीतून गोळा केलेली माहिती. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणाबाबत निकाल दिला, तिहेरी चाचणीची अट घातली (आयोग नेमून मागासलेपणाची अशी माहिती गोळा करणं, तिच्यावरून आरक्षणाचं प्रमाण ठरवणं आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवणं), आणि त्यानंतर सरपंचापासून मंत्र्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी तो शब्द आला. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.ए.च्या मुलांना समाजशास्त्र शिकवत होतो. तिसऱ्या वर्षाचा ‘सामाजिक संशोधन पद्धती’ हा पेपर माझ्याकडे होता. माहिती कुणाकडून घ्यायची, प्रश्न कसा विचारायचा, मिळालेल्या उत्तरावर कितपत विसंबायचं, हे शिकवणारा हा पेपर. अख्खं राज्य ज्या गोष्टीवरून भांडत होतं, ती गोष्ट शिकवणाऱ्या त्या वर्गात अकरा मुलं होती आणि विभागात पूर्णवेळ प्राध्यापक एकही नव्हता. मीही तासिका तत्त्वावरच होतो.

मार्च २०२२ मध्ये ही माहिती गोळा करायला बांठिया आयोग नेमला गेला आणि जुलैमध्ये अहवाल आला. त्यात राज्यातल्या ओबीसींचं प्रमाण ३७ टक्के धरलं होतं. दरम्यान मतदारयाद्यांतल्या आडनावांवरून जातीचा अंदाज बांधला जात असल्याचं बाहेर आलं आणि वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांनी त्यावर टीका केली. मी त्या आठवड्यात फळ्यावर पाच आडनावं लिहिली. पवार, जाधव, शिंदे, मोरे, गायकवाड. आणि म्हणालो, जात सांगा. क्षणभर सगळे गप्प, मग एकच गलका. “सर, पवार आमच्यात पण हायेत.” “जाधव तांड्यावर पण आहेत आणि गढीत पण.” एका मुलीने सांगितलं की तिच्या गावात एकाच आडनावाची घरं तीन वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये आहेत आणि आजीच्या काळात त्या तिन्ही वस्त्यांचे पाणवठे निराळे होते. दहा मिनिटांत त्या वर्गाने आडनावांवरून जात का मोजता येत नाही याची कारणं उदाहरणांसकट मांडली. त्यांतलं एकही कारण त्यांना मी शिकवलेलं नव्हतं.

जात मोजणं किती अवघड असतं याचा याहून मोठा धडा आपल्याला आधीच मिळालेला होता. १९३१च्या जनगणनेत देशभरात ४,१४७ जातींची नोंद झाली. २०११ साली सामाजिक, आर्थिक आणि जातगणना झाली तेव्हा लोकांनी सांगितलेली जातीची नावं ४६ लाखांच्या वर गेली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये न्यायालयात हे आकडे दिले. एकट्या महाराष्ट्रातून सव्वाचार लाखांहून अधिक नावं आली होती, आणि त्यांतल्या बहुतेक नावांखाली शंभर माणसंसुद्धा नव्हती. ऐंशी वर्षांत जाती हजारपटीने वाढल्या का? अर्थातच नाही. कुणी कुळी सांगितली, कुणी आडनाव, कुणी पोटजात, कुणी वडिलांचा धंदा, आणि लिहिणाऱ्याने कानाला आलं तसं लिहिलं. प्रश्न उघडा ठेवला होता आणि विचारणाऱ्याला आपण नेमकं काय विचारतो आहोत याची जाण दिलेली नव्हती. आता ३० एप्रिल २०२५ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पुन्हा जात मोजण्याचा निर्णय घेतला आहे, २०२७च्या जनगणनेत ती नोंदवली जाणार आहे. या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात मी गेल्या काही महिन्यांत पुष्कळ वाचलं. मात्र गावोगावच्या महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकणारी मुलं या कामात कुठे असतील, हा प्रश्न कुणी विचारलेला मला दिसला नाही.

म्हणून हा लेख. पदवी पातळीवरचं समाजशास्त्र ही चैन नाही, ते महाराष्ट्राला आज लागणारं शिक्षण आहे, आणि ते मोठ्या शहरांपेक्षा तालुक्याच्या महाविद्यालयांत अधिक लागणारं आहे, असं मी मानतो. ते आज ज्या अवस्थेत आहे त्याचं खापर विद्यार्थ्यांवर फोडणं मला मान्य नाही. तो विषय आम्ही शिकवणाऱ्यांनी, विद्यापीठांनी आणि सरकारने मिळून निर्जीव केला आहे.

जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलाशी बसलं की हे लगेच कळतं. “समाजशास्त्र घे, सोपं आहे, पास होशील,” असं मुलांना सांगणारे आमच्यातलेच असतात. विज्ञान शाखा जवळ नाही, बाहेरगावी ठेवायची घरच्यांची तयारी नाही, एसटीच्या पासवर रोज येता येईल एवढंच शिक्षण मंजूर आहे, अशा मुली माझ्या वर्गात नेहमी मुलांपेक्षा जास्त असत. त्यांच्यापैकी कितीतरी जणी घरातल्या पहिल्या पदवीधर. कुणाला काय शिकता येतं आणि का, हा समाजशास्त्राचा अगदी पायाचा प्रश्न. तो त्या बाकांवर जिवंत बसलेला असतो आणि आम्ही फळ्यावर लिहितो, “समाजशास्त्राची व्याख्या सांगून स्वरूप व व्याप्ती स्पष्ट करा.”

हा प्रश्न मी विद्यार्थी असताना होता, मी शिकवायला लागलो तेव्हा होता आणि अजूनही आहे. त्याचं उत्तर गाइडमध्ये तयार असतं. सहा व्याख्या, आठ वैशिष्ट्यं, शेवटी ‘समारोप’. मुलं ते पाठ करतात, साठ-पासष्ट टक्के मिळवतात आणि विषय सोपा आहे याची सगळ्यांची खात्री पटते. पण पदवी मिळाल्यावरही ‘प्राथमिक गट’, म्हणजे जवळच्या नात्यांचा गट, म्हणजे काय हे सांगताना त्याच मुलाला आपल्या भावकीची आठवण होत नाही. वर्ग आणि घर यांच्यामध्ये भिंत बांधून दिल्यासारखं होतं. समाजशास्त्राला ही भिंत चालतच नाही. रसायनशास्त्राच्या मुलाला प्रयोगशाळा बांधून द्यावी लागते. समाजशास्त्राच्या मुलाची प्रयोगशाळा म्हणजे त्याची गल्ली, बाजाराचा दिवस, एसटी स्टँड, सोसायटीची निवडणूक, लग्नाचा मांडव. फुकट मिळालेली ही प्रयोगशाळा आम्ही कुलूप लावून बंद ठेवली आहे.

आणि हे त्या महाराष्ट्रात, जिथे भारतातला समाजशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग सुरू झाला. १९१९ साली मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने तो उभा केला आणि १९२४ पासून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी साडेतीन दशकं चालवला. एम. एन. श्रीनिवास, अ. रा. देसाई, इरावती कर्वे हे सगळे घुर्यांचे विद्यार्थी. इरावतीबाईंचं वेगळेपण मला असं वाटतं की त्यांनी ज्ञान इंग्रजीत आणि जगणं मराठीत अशी वाटणी केली नाही. पंढरीच्या वाटेवर त्या स्वतः चालल्या आणि बरोबर चालणाऱ्या बायकांमध्ये जातीच्या पंगती कशा वेगळ्या पडतात ते त्यांनी पाहिलं, लिहिलं. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचं पुढे काय झालं याची पाहणी त्यांनी केली. ही परंपरा आमच्या अभ्यासक्रमात आहे, पण पाच गुणांच्या टिपेपुरती. “इरावती कर्वे यांचे योगदान.” त्या जशा हिंडल्या तसं मुलांना हिंडायला कुणी सांगत नाही.

मी एका वर्षी पहिल्या सहामाहीत गाइडवर बंदी घातली आणि एकच काम दिलं. प्रत्येकाने आपल्या घरच्या तीन पिढ्यांच्या सोयरिकींचा तक्ता करायचा. त्रिकोण पुरुषाचा, वर्तुळ बाईचं, मधे दोन आडव्या रेघा म्हणजे लग्न. प्रत्येक लग्नासाठी पाच गोष्टी विचारायच्या. मुलगी कोणत्या गावची, ते गाव किती लांब, तिचं शिक्षण किती झालं होतं, सोयरीक कुणी जमवली आणि देणंघेणं काय झालं. दिवाळीच्या सुटीत आजी-आजोबा, आत्या, मावशी सगळे घरी असतात, तेव्हा हे काम करायचं.

दिवाळीनंतर जे वर्गात आलं ते कोणत्याही गाइडमध्ये नव्हतं. आजीचं माहेर बहुतेक तक्त्यांत पायी किंवा बैलगाडीने पोचता येईल इतक्या अंतरावर होतं. आईचं माहेर दुसऱ्या तालुक्यात, आणि बहिणीचं सासर चाकणला किंवा भोसरीला. लग्नाचं अंतर कारखान्यांच्या दिशेने लांबत गेलेलं होतं. आजीच्या पिढीत मामाच्या मुलीशी झालेली लग्नं अनेक तक्त्यांत सापडली, मुलांच्या स्वतःच्या पिढीत जवळजवळ नाहीत. “मामाची पोर हक्काची” हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं होतं. आता मी त्यांना सांगू शकलो की इरावतीबाईंनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेचे विभाग पाडले तेव्हा महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधली जागा का द्यावी लागली. उत्तरेत मामेबहीण म्हणजे बहीण, दक्षिणेत ती वधू, आणि आपल्याकडे मामाची चालते, आत्याची सहसा चालत नाही. ही गोष्ट मुलांना पाठ करावी लागली नाही. त्यांच्याच वहीत ती लिहिलेली होती.

तांड्यावरून येणाऱ्या एका मुलाच्या तक्त्यावर वर्ग सगळ्यात जास्त वेळ थांबला. त्याच्या आजीच्या लग्नात नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या बापाला देज दिलं होतं. आईच्या लग्नात देज थांबलं. बहिणीच्या लग्नात त्याच्या वडिलांनी हुंडा दिला, त्यासाठी दोन एकर गहाण पडली. तीन पिढ्यांत पैशाची दिशाच उलटली. हुंड्याला कायद्याने बंदी १९६१ पासून आहे आणि त्या घरात हुंडा शिरला तो त्यानंतर. असं का झालं असेल, मी विचारलं. एक मुलगी म्हणाली, “वरच्या जातीत हुंडा देतात ना सर, मग देज घेणं कमीपणाचं वाटायला लागलं असेल.” श्रीनिवासांनी ज्याला संस्कृतीकरण म्हटलं, म्हणजे वरच्या जातींच्या रीती उचलणं, ते तिने एका वाक्यात सांगितलं. ती संज्ञा मी त्यानंतर फळ्यावर लिहिली, आधी नाही. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. अनुभव आधी यावा, मग नाव. आम्ही नाव आधी देतो आणि अनुभव कधीच येऊ देत नाही.

याच तक्त्यांतून पुढचा प्रश्न आपसूक उभा राहिला. मुलांचे मोठे भाऊ, चुलतभाऊ, काका तिशी ओलांडून गेले तरी लग्नाचे राहिलेले. वर्गातल्या मुलांचं स्पष्टीकरण ठरलेलं होतं, “मुलींच्या अपेक्षा वाढल्यात.” मुली खाली मान घालून ऐकत होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, मुलगी मिळत नाही म्हणून. बातमी पाहून बरेच लोक हसले. मला त्या मुलांचं दुःख खरं वाटलं, आणि त्यांना त्या दुःखाचं कारण कुणी समजावून दिलेलं नाही याचं जास्त वाईट वाटलं.

आम्ही जनगणनेचे आकडे काढले. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११चा आकडा ८०७, राज्यात सगळ्यात कमी. २००१ साली मोजलेली ती मुलं आज पंचविशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. हा झाला पहिला थर. दुसरा थर वयाचा आहे. नवरा बायकोपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असावा अशी रीत, आणि दरवर्षी जन्म कमी होत गेलेले, म्हणजे प्रत्येक वयाचे मुलगे आपल्याहून लहान, आणि म्हणून संख्येनेही लहान, अशा गटातून बायको शोधतात. तिसरा थर जमिनीचा. वाटण्या होत होत दीड-दोन एकरांवर आलेलं शेत, आणि मुलगी आपल्यापेक्षा बऱ्या घरात द्यायची ही जुनी समजूत. मग सगळ्यात वरच्या घरातल्या मुलाला दहा स्थळं आणि सगळ्यात खालच्याला एकही नाही. चौथा थर जातीचा, पोटजातीचा, कुळीचा. आधीच आटलेल्या तळ्यात आणखी बांध. हे सगळे थर फळ्यावर एकाखाली एक लिहून झाल्यावर ‘अपेक्षा वाढल्यात’ हे वाक्य कुणीच पुन्हा उच्चारलं नाही. एका मुलीने मान वर करून विचारलं, “सर, जी जन्मलीच नाही तिच्या अपेक्षा कशा वाढतील?”

एखाद्या घरात बंद दाराआड चाललेलं दुःख हे हजारो घरांत एकाच वेळी का चाललं आहे, हे पाहायला शिकणं म्हणजे समाजशास्त्र. ते पाहता आलं नाही की माणूस एक तर स्वतःला दोष देतो, नाही तर शेजाऱ्याला, बायकोला, दुसऱ्या जातीला. आज गावागावांत जो राग साठतो आहे त्यातला मोठा भाग असा पत्ता चुकलेला राग आहे. तो योग्य पत्त्यावर नेण्याचं काम पदवीच्या वर्गात होऊ शकतं. वीस वर्षांच्या वयात ते नाही झालं तर पुढे मोबाइलवर येणारं कोणतंही स्पष्टीकरण पुरेसं वाटायला लागतं.

विचारवंतसुद्धा याच वाटेने शिकवता येतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९७ साली आत्महत्येवर लिहिलं आणि एकट्या माणसाने एकट्याने केलेल्या कृतीचंही समाजागणिक एक ठरावीक प्रमाण असतं हे दाखवलं. गाइडमध्ये याचे चार प्रकार दिलेले असतात, मुलं ते घोकतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलाला हे घोकावं लागावं यासारखी दुसरी दुर्दैवाची गोष्ट नाही. त्याने तहसील कचेरीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द ऐकलेले असतात. शेतकरी आत्महत्येच्या एक लाखाच्या मदतीसाठी जमीन स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावावर हवी, बँकेचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं थकलेलं कर्ज हवं. परवाना नसलेल्या सावकाराचं कर्ज असलेला, दुसऱ्याची जमीन बटईने कसणारा, किंवा आयुष्यभर शेतात राबूनही सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई या व्याख्येत अनेकदा बसत नाही. मग सरकारी तक्त्यातला आकडा कशाचा, मृत्यूंचा की व्याख्येचा? दुर्खीमवर त्याच्या पुढच्या अभ्यासकांनी घेतलेला मुख्य आक्षेप हाच होता. त्याने सरकारी नोंदी जशाच्या तशा खऱ्या धरल्या. आमच्या तालुक्यातल्या मुलाला हा आक्षेप समजायला दहा मिनिटं पुरतात.

इथे भाषेचा प्रश्न येतो. मराठी माध्यमातून समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलांची दोन्हीकडून कोंडी आहे. इंग्रजी ग्रंथ त्यांच्या आवाक्याबाहेर आणि मराठी पाठ्यपुस्तकांची भाषा अशी की ‘गृहीतकृत्य’, ‘प्रमाणकशून्यता’, ‘अंतर्विवाही’ या शब्दांना ती दचकतात. पारिभाषिक शब्दांना माझा विरोध नाही, शास्त्राला नेमके शब्द लागतात. पण या मुलांकडे आधीच असलेले शब्द आम्ही वर्गाबाहेर काढून ठेवतो हे मला खुपतं. भावकी, सोयरे, देवक, बलुतं, इर्जिक, सावड, उचल, बटई, वाळीत टाकणं. यांतला प्रत्येक शब्द म्हणजे एक सामाजिक संबंध आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी ‘कोयता’ हा शब्द वापरते तेव्हा तिला नवरा-बायकोची जोडी म्हणायची असते. उचल जोडीला मिळते, एकट्या बाईला नाही, आणि एक दिवस काम चुकलं की खाडा कापला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. डॉक्टरांचा लोभ हे त्याचं एक कारण असेल. पण पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, फडात संडास नाही, पाणी नाही, आणि बाई जोडीचा अर्धा भाग आहे, ही सगळी साखळी ‘कोयता’ आणि ‘खाडा’ या दोन शब्दांत आहे. श्रम, लिंगभाव, स्थलांतर आणि आरोग्य या चार प्रकरणांची सुरुवात तिथून करता येते.

नोकरीचं काय, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. समाजशास्त्राची पदवी हातात धरून थेट नोकरी मिळत नाही हे मी कधीच लपवलं नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हा वैकल्पिक विषय आहे, अडीचशे गुणांचे दोन पेपर, म्हणून काही मुलं तो घेतात. त्यातली बहुतेक महाविद्यालय सोडून पुण्याच्या अभ्यासिकांत जाऊन बसतात आणि आमच्यापेक्षा जाड नोट्स पाठ करतात. माझे विद्यार्थी प्रत्यक्षात झाले ते पोलीस शिपाई, ग्रामसेवक, तलाठी, आशा कार्यकर्ती, बचत गटाच्या समन्वयक, पतसंस्थेतले कारकून. या प्रत्येक कामात रोज समाजच समोर येतो. पोलीस झालेला एक विद्यार्थी मला भेटला तेव्हा वाळीत टाकलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगत होता. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, पण बहिष्कार टाकलाय असं तोंडाने कुणीच म्हणत नाही. गिरणीवाला म्हणतो, आज लाइट नाही. दुकानदार म्हणतो, माल संपला. मयतीला कुणी येत नाही, प्रत्येकाला त्या दिवशी बाहेरगावी काम निघतं. “सर, एकेक जबाब घेतला तर गुन्हाच दिसत नाही,” तो म्हणाला, “सगळे जबाब शेजारी ठेवले तेव्हा दिसला.” त्या मुलाला मी पंचेचाळीस टक्के गुण दिले होते. आता वाटतं, माझा पेपर चुकीचं मोजत होता.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक दार उघडलं आहे हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या रचनेत क्षेत्रप्रकल्प, लोकसहभागाचे उपक्रम, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. समाजशास्त्र जे मागत होतं ते कागदावर आलं. पण कॉलेजच्या बाहेरच्या झेरॉक्स दुकानात तयार क्षेत्रप्रकल्प मिळतात. नाव बदलायचं, गाव बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करून द्यायचं. मी असा एक प्रकल्प पाहिला ज्यात आमच्या कोरडवाहू तालुक्यातल्या गावात मासेमारी हा मुख्य व्यवसाय दाखवला होता. मला त्या विद्यार्थ्याचा राग आला नाही. त्याचा प्रकल्प वाचणारा मार्गदर्शक तासाच्या मानधनावर दोन कॉलेजांत धावतो, दर जूनला पुन्हा मुलाखत देतो, आणि गावात जाऊन मुलांबरोबर दिवस घालवला तर त्याचा एक रुपयाही त्याला मिळत नाही. नेट-सेट झालेल्या, पीएच.डी. केलेल्या माणसांना ही वागणूक देऊन क्षेत्रकार्य उभं राहणार नाही. रिक्त जागा भरणं ही पहिली गोष्ट आहे, बाकी सुधारणा तिच्यानंतर येतात.

जागा भरल्या तर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं स्वस्त आहे. ‘स्वरूप व व्याप्ती’ पहिल्या सत्रातून काढून शेवटच्या सत्रात न्यावं, मुलाने आधी काहीतरी पाहिलेलं असेल तेव्हा. निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेल्या माहितीवरच्या तोंडी परीक्षेला द्यावेत, कारण विकत घेतलेल्या प्रकल्पावर तोंडी उत्तरं देता येत नाहीत. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्याची माहिती वर्षागणिक साठवावी. या वर्षीच्या मुलांनी केलेले तक्ते पुढच्या वर्षीच्या मुलांना मिळावेत. दहा वर्षांत प्रत्येक तालुक्याकडे स्वतःचा असा साठा तयार होईल जो कोणत्याही आयोगाला चार महिन्यांत गोळा करता येणार नाही. आणि जनगणनेला जाणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जवळच्या महाविद्यालयातला समाजशास्त्राचा माणूस बोलवावा. स्थानिक पोटजाती, कुळी आणि आडनावं यांचा गुंता त्याला आणि त्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो.

जानेवारी २०२४ मध्ये ‘सगेसोयरे’ हा शब्द सरकारी अधिसूचनेच्या मसुद्यात आला. मराठा आरक्षणाच्या मागणीबद्दलचं माझं मत इथे मांडत नाही. पण तो मसुदा मी वर्गात वाचायला दिला, कारण त्यात नात्याची व्याख्या होती. अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यापूर्वीच्या पिढ्यांत सजातीय लग्नांतून तयार झालेले नातेवाईक. जात म्हणजे काय हे ठरवायला सरकारलाही शेवटी लग्नापाशीच यावं लागलं. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने निबंध वाचला होता. जातीचं खरं लक्षण एकच, जातीतल्या जातीत लग्न, आणि जात टिकते ती बाईवर घातलेल्या बंधनांतून, असं त्याचं प्रतिपादन होतं. एका विद्यार्थ्याचा तो निबंध होता हे मी वर्गाला मुद्दाम दोनदा सांगितलं.

मसुदा वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने तिचा जुना सोयरिकीचा तक्ता पिशवीतून काढला. मी तीन पिढ्या सांगितल्या होत्या, ती चौथीपर्यंत गेली होती. पणजोबाचं नाव जुन्या सातबाऱ्यावर सापडलं, खापरपणजोबाचंही सापडलं. पणजीचं नाव तिने आजोबांना विचारलं, चुलत आजोबांना विचारलं, मोठ्या आत्याला फोन केला. पणजी कोणत्या गावची एवढं सगळ्यांना माहीत होतं, त्या गावच्या नावानेच तिला हाक मारत. तिचं स्वतःचं नाव मात्र कुणालाच सांगता आलं नाही. तक्त्यात त्या ठिकाणी पेन्सिलीने काढलेलं एक वर्तुळ होतं, आत काहीच लिहिलेलं नव्हतं. “सर, हे पुसू का?” तिने विचारलं. मी नको म्हणालो. त्या वर्षी तक्ता जमा करताना तिने ते वर्तुळ पेनने गिरवून आणलं होतं.